घर बदलल्यावर आधार लॉक, संचार साथी, क्रेडिट रिपोर्ट: कुठली सेवा किती कामाची

घर बदलण्याच्या धांदलीत आधार आणि पॅनच्या किती प्रती बाहेर गेल्या, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. एजंटला व्हॉट्सॲपवर, करारनाम्यासाठी, सोसायटीच्या ऑफिसात, पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीसाठी, ब्रॉडबँडवाल्याला, आणि मागितली म्हणून सामान हलवणाऱ्यालाही. त्यात जुन्या पत्त्यावर बँकेची पाकिटं येतच राहतात. आपल्या नावाने दुसऱ्याने सिम घेणं, कर्ज उचलणं, खात्यातून पैसे काढणं याला लागणारा कच्चा माल एकाच महिन्यात इतका सहज पुन्हा मिळत नाही.

यावर उपाय म्हणून ज्या सेवा सुचवल्या जातात, त्या एका रांगेत बसणाऱ्या नाहीत. काही खरोखर कुलूप लावतात, काही फक्त चोरी झाल्याचं कळवतात, आणि एखादी नुसती मनाच्या समाधानासाठी आहे. त्याच नजरेने हा आढावा.

आधी एक पूर्वअट. खालच्या बहुतेक सेवा ओटीपीवर चालतात, आणि आधारच्या सेवांचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. तो नंबर कोणता हे आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवर लॉगिन न करता तपासता येतं. शहर बदललं किंवा परदेशी गेलं की जुनं सिम ड्रॉवरमध्ये टाकून रिचार्ज बंद करायची सवय असते. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग आपल्या बँकेचे ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर वाजू लागतात. म्हणून नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, आधार आणि प्राप्तिकर खातं नव्या नंबरवर न्या, सिम शेवटी बंद करा. अमेरिका-युरोपात गेलेल्यांनी तर जुना नंबर किमान रिचार्जवर जिवंत ठेवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

बायोमेट्रिक लॉक: पहिला नंबर याचाच

एईपीएस ही आधारवर चालणारी पैसे काढण्याची सोय आहे. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर पैसे मिळतात. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहाराची मर्यादा १०,००० रुपये. बँकेची शाखा लांब असलेल्या माणसासाठी ही सोय मोलाची आहे, आणि नेमकी त्याच साधेपणामुळे चोरालाही आवडते. आधार क्रमांक झेरॉक्सवर मिळतो. राहिला अंगठा. २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिम विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या साइटवरच्या दस्तांमधून अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे शिक्के बनवले आणि त्यावर हजारो सिम चालू केली. तंत्र फार अवघड नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

महाराष्ट्रात घर भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे. हल्ली बहुतेक करार ऑनलाइन नोंदणीने होतात, म्हणजे एजंट लॅपटॉप आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र घेऊन घरी येतो. प्रक्रिया कायदेशीर आहे, तिच्यात गैर काही नाही. पण त्या दिवशी तुमचं नाव, आधार, पॅन, पत्ता आणि अंगठा एका टेबलावर असतात. तेव्हा नोंदणी आटोपली की त्याच संध्याकाळी बायोमेट्रिक लॉक करून टाका.

यूआयडीएआयच्या माय आधार पोर्टलवर आधार क्रमांक, कॅपचा, ओटीपी टाकून आत जायचं, लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स निवडायचं, संमतीच्या चौकोनात खूण करायची. यूआयडीएआयच्या ॲपमधूनही होतं. पैसे लागत नाहीत. लॉक झालं की बोटांचे ठसे, बुबुळ आणि चेहरा, तिन्हींनी होणारी पडताळणी बंद. ओटीपीने होणारी कामं मात्र पूर्वीसारखी चालतात, त्यामुळे शहरी माणसाला रोजच्या व्यवहारात फरक जाणवत नाही.

फरक जाणवतो तो ऐन वेळी. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, अंगठा देऊन सिम घेताना, नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या डिजिटल दाखल्याला, किंवा पुढच्या वर्षी कराराचं नूतनीकरण करताना मशीन अंगठा घेत नाही. मग बोट पुसा, क्रीम लावा, दुसरं बोट ठेवा, मशीनची वायर काढून पुन्हा लावा, असा अर्धा तास जातो. स्क्रीनवर ३३० हा एरर कोड दिसला तर मशीन ठीक आहे. तुमचं कुलूप लागलेलं आहे. ॲपमधून तात्पुरतं अनलॉक केलं की दहा मिनिटं मिळतात, नंतर कुलूप आपोआप पडतं. म्हणून समोरच्याचं यंत्र चालू होऊन स्क्रीन तयार झाल्यावरच अनलॉक करा, त्याची वाट बघत बसून नव्हे. घरात रेशन किंवा पेन्शन अंगठ्यावर घेणारे आई-वडील असतील तर त्यांना न सांगता लॉक करणं हा निव्वळ छळ आहे. त्यांच्यासाठी खात्यावरची एईपीएस सोय बंद करण्याचा लेखी अर्ज शाखेत देणं बरं. मात्र ते पैसे त्याच सोयीने काढत नसतील तरच.

याच पोर्टलवर आधार क्रमांकच लॉक करायचीही सोय आहे. त्यासाठी आधी १६ अंकी व्हीआयडी, म्हणजे आधार क्रमांकाऐवजी देता येणारा बदलता क्रमांक, तयार करावा लागतो. क्रमांक लॉक झाला की ठसा, ओटीपी, नाव-जन्मतारीख काहीही दिलं तरी आधार क्रमांकाने पडताळणी होत नाही, फक्त व्हीआयडीने होते. संरक्षण भक्कम, यात शंका नाही. पण आपल्याकडच्या निम्म्या काउंटरवर व्हीआयडी म्हटलं की समोरचा माणूस तुमच्याकडेच संशयाने बघतो. शिवाय अनलॉक करायला ताजा व्हीआयडी लागतो; तो विसरला तर नोंदवलेल्या मोबाइलवरून आरव्हीआयडी, मग एक जागा सोडून आधारचे शेवटचे चार अंक, असा एसएमएस १९४७ वर करायचा. एसएमएसमध्ये अक्षरं अर्थातच इंग्रजी. आधारचा गैरवापर झाल्याचा पुरावा हाती असेल तर हे जरूर करा. नाहीतर बायोमेट्रिक लॉक पुरे.

पोर्टलवरचा तिसरा भाग, पडताळणीचा इतिहास, बहुतेक लोक उघडतही नाहीत. मागच्या सहा महिन्यांतल्या जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात: तारीख, वेळ, ठसा की ओटीपी, कोणत्या संस्थेने मागितली, यशस्वी झाली की नाही. कुठल्या गावातून, कुठल्या दुकानातून हे कळत नाही, ही मोठी उणीव. तरीही रात्री अडीचला ठशाची फसलेली नोंद दिसली तर अर्थ लावायला पोलीस लागत नाहीत. घर बदलल्यावर पहिले सहा महिने महिन्यातून एकदा बघावं, आणि पीडीएफ उतरवून ठेवावी, कारण जुन्या नोंदी सहा महिन्यांपलीकडे मागे जाऊन दिसत नाहीत.

मास्क्ड आधार आणि झेरॉक्सचा प्रश्न

मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळूरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या, असं पत्रक काढलं. गोंधळ उडाल्यावर दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. सल्ला मात्र मुळात बरोबर होता.

मास्क्ड आधारात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. ई-आधार डाउनलोड करताना त्या पर्यायावर खूण करायची, एवढंच काम. सोसायटी, एजंट, मूव्हर्स, जिम, क्लास, यांच्यापैकी कोणालाही पूर्ण क्रमांकाची गरज नसते. पण मास्क्ड म्हणजे सगळंच झाकलं असं समजू नका. नाव, जन्मतारीख, फोटो आणि पत्ता उघडेच असतात, आणि व्हीआयडी छापलेला असेल तर तोही. व्हीआयडी नवा तयार केला की जुना रद्द होतो, तेव्हा प्रती वाटून झाल्यावर एकदा तो बदलून टाका.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून ती बिनधास्त पाठवणारे पुष्कळ. पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याच्याकडे तुमचा करारनामा आहे त्याच्याकडे दोन्ही आहेत. या पासवर्डला कुलूप म्हणणं म्हणजे किल्ली दाराच्याच खुंटीला लटकवण्यासारखं.

कागदी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला. 'फक्त अमुक सोसायटीच्या भाडेकरू नोंदीसाठी' असं लिहिलेल्या प्रतीवर दुसऱ्या जिल्ह्यात सिम काढायला गेलं तर दुकानदाराला निदान प्रश्न तरी पडतो. अक्षरं फोटो आणि मजकुरावरून गेली पाहिजेत; कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. झेरॉक्सच्या दुकानात कागद मेल किंवा व्हॉट्सॲप केले असतील तर प्रिंट निघाल्यावर आपल्यासमोर डिलीट करून घ्या. दुकानदाराला त्याचं वाईट वाटत नाही, त्याच्या संगणकावर तसाही कचरा साठलेला असतो.

पत्ता बदलणं: आधारमध्ये झाला म्हणजे सगळीकडे झाला नाही

आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलतो, ७५ रुपये लागतात. करारनामा पानोपानी फोटो काढून चढवू नका. सगळी पानं एका पीडीएफमध्ये, स्वच्छ, आणि नाव कागदावर आधारसारखंच लिहिलेलं हवं. करार नवऱ्याच्या नावावर असेल तर बायको-मुलांचा पत्ता त्या कागदावर अडतो. त्यांच्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याचा पर्याय आहे. कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या लॉगिनमधून ३० दिवसांत मंजुरी द्यायची असते, नाहीतर विनंती बाद होते. विनंती टाकून घरात सांगायचंच राहिलं, हे बाद होण्याचं नेहमीचं कारण.

आणि एक मोठा गैरसमज. आधारमध्ये पत्ता बदलल्याने बँकेत, डिमॅटमध्ये, विम्यात, पॅनमध्ये तो आपोआप बदलत नाही. आधारची नवी प्रत हातात येईपर्यंत बँकेतलं काम थांबवून ठेवण्याचीही गरज नसते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांनुसार केवायसीत फक्त पत्ताच बदलला असेल तर ग्राहकाची स्वयंघोषणा पुरते, ती नेट बँकिंग किंवा नोंदवलेल्या ईमेलवरूनही देता येते, आणि बँकेने दोन महिन्यांत त्या पत्त्याची खात्री करून घ्यायची असते. ही खात्री पुष्कळदा पत्र पाठवून होते. इथे एक क्षुल्लक गोष्ट आडवी येते: इमारतीच्या खालच्या पाटीवर आणि टपालपेटीवर अजून घरमालकाचं नाव असतं, वॉचमन 'असं कोणी राहत नाही' म्हणतो आणि पत्र परत जातं. राहायला गेल्याच्या दिवशी पेटीवर आपलं नाव चिकटवा.

क्रम लावायचा तर क्रेडिट कार्ड आणि बँक आधी, बाकी नंतर. मुदत संपत आलेल्या कार्डाची नवी प्रत न मागताच पत्त्यावर निघते. दिलाशाची बाब अशी की ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण सुरू करावे लागतात. चेकबुकाला असं कुलूप नसतं.

संचार साथी: दोन मिनिटांचं काम, पण उत्तर वाचता आलं पाहिजे

दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेलं हे पोर्टल आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दाखवतं. ॲपही आहे. ते प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने घालायचा आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला आणि टीकेनंतर डिसेंबरात मागे घेतला गेला. ॲप नको असेल तर साइटवर काम होतं.

मोबाइल नंबर, कॅपचा, ओटीपी, की यादी समोर. एका व्यक्तीला नऊ जोडण्यांची मुभा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा. यादीतले नंबर मधले आकडे झाकून दाखवतात, त्यामुळे ओळखायला त्रास होतो. प्रत्येकापुढे तीन पर्याय असतात: माझा नंबर नाही, आता गरज नाही, गरज आहे. घाई इथेच नडते. आजीच्या फोनसाठी, घरातल्या मदतनीस बाईंसाठी, वायफाय डोंगलसाठी, वाहनातल्या ट्रॅकरसाठी कधीतरी आपल्याच कागदावर घेतलेली सिम असतात. त्यांच्यावर 'माझा नंबर नाही' दाबलं तर कंपनी फेरपडताळणी करून ती बंद करू शकते. आधी घरातल्या सगळ्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहा, मग यादी बघा. तक्रारीचा मिळालेला क्रमांक जपून ठेवा.

सेवा चांगली, पण स्वभावाने ती उशिराची आहे: सिम निघाल्यावरच दिसतं. म्हणून घर बदलल्यावर एकदा लगेच, मग महिनाभराने, मग तीन-चार महिन्यांनी. आणि आपल्या फोनचं नेटवर्क कारण नसताना गेलं, रीस्टार्ट करूनही येत नसेल, तर पोर्टल उघडत बसू नका; दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला लावा. कोणीतरी डुप्लिकेट सिम काढलं असण्याची ती खूण असते. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, फार नाही.

क्रेडिट रिपोर्ट: फुकट मिळतो, फक्त शोधावा लागतो

कोणी कुठून किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याची नोंद, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, ठेवणाऱ्या आपल्याकडे चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा स्कोअरसह पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. साइटवर गेलं की महिन्याचे, तिमाहीचे पैसे भरायचे प्लॅन ठळक दिसतात आणि मोफतची लिंक कुठेतरी खाली असते. ती शोधा. चारही रिपोर्ट एकाच दिवशी काढू नका. घर बदलल्यावर दोन महिन्यांनी एक, मग दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संस्थेचा, अशी पाळी लावली की वर्षभराची राखण फुकटात होते. दोन महिने थांबायचं कारण, कर्ज निघणं आणि ते रिपोर्टमध्ये उमटणं यात वेळ जातो. जानेवारी २०२५ मध्ये बँकांनी महिन्याऐवजी पंधरवड्याला माहिती देणं सुरू झालं, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा कमी झालाय.

स्कोअरकडे बघून रिपोर्ट मिटवणारे फसतात. फसवणूक पहिल्यांदा दिसते ती चौकशांच्या यादीत, म्हणजे कोणत्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने कोणत्या तारखेला, किती रकमेसाठी तुमची माहिती मागवली. ज्या कंपनीचं नाव कधी ऐकलं नाही तिची पाच-दहा हजारांच्या कर्जाची चौकशी दिसली तर पुढचं सगळं काळजीपूर्वक वाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या पॅनवर ॲपमधून भलत्यानेच छोटी कर्जं उचलल्याचं अनेकांना कळलं, ते असेच रिपोर्ट काढल्यावर. नंतर पत्ते आणि फोन नंबरांचा भाग. तिथे जुना पत्ता असणं स्वाभाविक आहे. कधी न राहिलेला पत्ता किंवा अनोळखी नंबर असणं नाही.

चूक दिसली की त्याच साइटवर वाद नोंदवा, आणि 'हे खातं माझं नाही' हाच प्रकार निवडा. 'रक्कम चुकीची' निवडलं तर खातं तुमचं असल्याचं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. संस्था स्वतःहून नोंद पुसत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. त्याला उत्तर द्यायला २१ दिवस, आणि सगळं मिळून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून तक्रारीची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. रिपोर्ट कोणी मागवला की एसएमएस किंवा ईमेलने कळवण्याचंही बंधन या संस्थांवर आहे; त्यांच्याकडे जुना नंबर असेल तर ते संदेश तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना २०१८ पासून तिथल्या तिन्ही क्रेडिट संस्थांकडे मोफत क्रेडिट फ्रीझ, म्हणजे नव्या कर्जदात्यांसाठी आपला रिपोर्ट बंद ठेवण्याची सोय, मिळतो आणि घर बदलताना तो लावून ठेवणं शहाणपणाचं. आपल्याकडे कायद्याने हक्काची तशी सोय नाही, म्हणून पहारा आपणच द्यायचा. पॅनपुरतं बोलायचं तर प्राप्तिकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, वर्षातून दोनदा उघडा. न केलेले व्यवहार, न मिळालेलं भाडं तिथे दिसतं आणि 'ही नोंद माझी नाही' असा प्रतिसादही देता येतो.

टपाल वळवणं: करा, पण विसंबू नका

टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज जुन्या भागातल्या, म्हणजे जिथून पत्रं वाटली जातात त्या पोस्टात द्यायचा असतो. बरेच जण नव्या घराजवळच्या पोस्टात जातात आणि तिथून परत पाठवले जातात. ओळखपत्राची प्रत जोडा आणि घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. ही सेवा कुरिअरला लागू नाही, आणि बँकांची बरीच पाकिटं कुरिअरनेच येतात.

शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. रजिस्टर्ड पाकीट ज्याच्या नावाचं त्यालाच द्यायचं असे. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचवलं की काम झालं. नावाच्याच माणसाला मिळावं अशी नोंदणीची किंवा ओटीपीची जोड पाठवणाऱ्याने पैसे भरून घेतली तरच मिळते. म्हणजे जुन्या घरात नवा भाडेकरू आला असेल तर तुमचं पाकीट त्याच्या हातात पडणं नियमाला धरूनच आहे. त्याच्याशी आणि वॉचमनशी ओळख ठेवणं ही त्या मानाने जास्त भरवशाची सेवा.

गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो, मतदारयादीसाठी फॉर्म ८ भरायचा. ही दोन्ही कामं रेंगाळली तर चलन आणि नोटिसा जुन्या दारात पडून राहतात.

इतकं करूनही पैसे गेलेच तर १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, दोन्ही त्याच दिवशी. बँकेला लेखी कळवताना पावतीवर वेळ घ्या: चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच माणसाने व्यवहार केला असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस झाले तर ती मर्यादित राहते, त्यापुढे बँकेच्या धोरणावर. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क लिहायला सांगा. दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सोबत जोडायला तीन कागद हवेत: आधारचा पडताळणी इतिहास, संचार साथीचा तक्रार क्रमांक, आणि क्रेडिट रिपोर्टचं चौकशांचं पान.